रेनकोटच्या लेबलवरचे आकडे आणि राजमाचीचा पाऊस

जून लागला की आमच्या डिपार्टमेंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, “रविवारी राजमाचीला चाललोय, रेनकोट कुठला घेऊ?” यंदा त्याच्या जोडीला दोन लेबलांचे फोटोही आले. एका जाकिटावर ‘वॉटरप्रूफ ५,००० मिमी, ब्रीदेबल ५,००० ग्रॅम’ आणि दुसऱ्यावर दोन्हीकडे १०,०००. दुसरं अर्थातच महाग. विचारणाऱ्याचा प्रश्न साधा होता: आकडा दुप्पट म्हणजे आपण दुप्पट कोरडे राहणार का?

ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीच्या तयारीत आहात, आणि त्या कामात पहिल्या दिवसापासून जे करावं लागतं ते एका रेनकोटवर छान करून बघता येतं. कुणीतरी मोजलेला आकडा हातात आला की तो कुठल्या परिस्थितीत मोजलाय ते शोधायचं, आणि मग आपली परिस्थिती तीच आहे का ते बघायचं. मी पॉलिमरच्या पातळ पडद्यांमधून वाफ कशी जाते यावर काम करते, म्हणून विषय जिव्हाळ्याचाही आहे. कागद-पेन घेऊन बसा, थोडं गणित आहे. सगळं बारावीच्या भौतिकशास्त्रात बसतं.

मिलिमीटर कशाचे?

आधी सोपा आकडा. १०,००० मिमी म्हणजे दहा मीटर. कापडाचा तुकडा घट्ट पकडून त्याच्या एका बाजूला पाण्याचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब दिसले की थांबायचं आणि त्या क्षणी पाण्याच्या स्तंभाची उंची किती होती ते नोंदवायचं. आयएसओ ८११ नावाच्या मानकात ही पद्धत दिली आहे. थोडक्यात, दहा मीटर उंच पाण्याची टाकी त्या कापडावर उभी केली तरी पाणी पलीकडे आलं नाही. दाबाच्या भाषेत हे साधारण ९८ किलोपास्कल, म्हणजे जवळजवळ एक वातावरण.

आता पाऊस किती दाब देतो? मोठा थेंब जमिनीजवळ सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने पडतो. वेगाचा वर्ग भागिले दोन गुरुत्वत्वरण केलं की पाण्याच्या स्तंभाची उंची मिळते: ८१ भागिले १९.६, म्हणजे ४ मीटरच्या थोडं वर. आणि हाही वरच्या टोकाचा अंदाज आहे, कारण कापड मागे दबतं, थेंब तिरका पडतो आणि दाब क्षणभरच टिकतो. म्हणजे कापड म्हणून बघितलं तर ५,०००चं जाकीटही पावसाला पुरतं.

मग जास्तीचा आकडा कुठे कामाला येतो? जिथे तुमचंच वजन कापडावर पडतं तिथे. आठ किलोच्या बॅगेचे दोन पट्टे खांद्यावर मिळून १५० चौरस सेंटीमीटरवर टेकतात असं धरा. दाब येतो साधारण ५ किलोपास्कल, म्हणजे पाण्याचा अर्धा मीटर. काहीच नाही! पण तेच तुम्ही कास पठारावर कातळावरच्या इवल्याशा फुलाचा फोटो काढायला एक गुडघा टेकलात, शरीराचं निम्मं वजन म्हणजे ३५ किलो त्या गुडघ्याच्या २५ चौरस सेंटीमीटरवर आलं, तर दाब होतो सुमारे १३७ किलोपास्कल. पाण्याचे चौदा मीटर. १०,०००ची पँट तिथे हरते. म्हणून वनस्पतिशास्त्रातली अनुभवी मंडळी बसायला फोमचा तुकडा जवळ बाळगतात. तो शंभरेक रुपयांचा तुकडा इथे २०,०००च्या पँटपेक्षा जास्त काम करतो.

कापड पाणी अडवतं ते कसं, हेही बघून घेऊ, कारण पुढे लागणार आहे. बारीक छिद्रातून पाणी ढकलायला लागणारा दाब हा पृष्ठताण, स्पर्शकोन आणि छिद्राची त्रिज्या या तिघांवर ठरतो: दोन गुणिले पृष्ठताण गुणिले स्पर्शकोनाची कोसाइन, भागिले त्रिज्या. कापसावर पाणी पसरतं, स्पर्शकोन ९० अंशांहून कमी, म्हणून कापूस पाणी अडवत नाही, उलट ओढून घेतो. टेफ्लॉनवर म्हणजे पीटीएफईवर तो ११० अंशांच्या आसपास असतो, म्हणून पाण्याला ढकलावं लागतं. छिद्राची त्रिज्या ०.२ मायक्रॉन धरली तर ढकलायला सुमारे २५० किलोपास्कल लागतात. त्रिज्या १० मायक्रॉन असेल, म्हणजे घट्ट विणलेल्या कापडातल्या फटीएवढी, तर ५ किलोपास्कल. आणि सुईने पाडलेलं पाव मिलिमीटर त्रिज्येचं भोक असेल तर पाण्याचे दोन सेंटीमीटरसुद्धा पुरतात. जाकीट घेताना लेबल वाचण्याआधी ते उलटं करून शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते बघा. ५,००० आणि १०,००० मधला फरक पट्टी नसलेल्या एका शिवणीपुढे हास्यास्पद आहे.

ग्रॅमचा घोटाळा

पाणी अडवणं तसं जुनंच तंत्र. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर बसवून पेटंट घेतलं. पाणी आत येईना, पण घामही बाहेर जाईना. रस्त्यावर मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या रेनकोटची आजही तीच गत आहे. तोडगा निघाला तो १९६९ मध्ये. बॉब गोर यांनी तापवलेलं पीटीएफई झटक्यात ताणलं आणि त्यातून बारीक छिद्रांची जाळी असलेला पडदा मिळाला. पाण्याचा थेंब त्या छिद्रांपेक्षा हजारो पट मोठा, वाफेचा रेणू शेकडो पट लहान. थेंब अडतो, वाफ जाते. गोर-टेक्सची जाहिरात आजही याच वाक्यावर चालते, आणि वाक्य खरंच आहे.

पण वाफ ‘जाते’ कशामुळे? छिद्र आहे म्हणून ती आपणहून बाहेर पडत नाही. आतला बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तरच ती जाते, आणि फरक जितका मोठा तितकी जास्त जाते. वीज जशी विभवांतराशिवाय वाहत नाही, तसंच. पडदा ही फक्त तार आहे.

लेबलवरचे १०,००० ग्रॅम म्हणजे एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत जाणारी वाफ. हे मोजायच्या पद्धती अनेक, आणि प्रत्येकीत बाष्पदाबाचा फरक वेगळा. एका पद्धतीत पाण्याच्या भांड्यावर कापड ताणून बसवतात आणि भांड्याचं वजन किती घटतं ते बघतात. त्यातच भांडं उलटं केलं की पाणी थेट कापडाला टेकतं आणि आकडा चांगलाच वाढतो. एका जपानी पद्धतीत कापडाच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला पोटॅशियम अ‍ॅसिटेटचं संपृक्त द्रावण असतं, जे ओलावा अक्षरशः पिऊन टाकतं. तोच कपडा, तोच दिवस, पण पद्धत बदलली की आकडा कितीतरी पट बदलतो. कुठल्या पद्धतीने मोजलं हे लेबलवर बहुतेक वेळा नसतंच. कंपनीने खोटं लिहिलेलं नसतं, आपल्याला सोयीची चाचणी निवडलेली असते. शोधनिबंध वाचतानाही हा प्रकार तुम्हाला भेटेल, आत्ताच ओळख करून घ्या.

सगळ्यात काटेकोर समजली जाणारी पद्धत आयएसओ ११०९२. तिच्यात घाम गाळणारी एक तापवलेली पाटी असते. पाटी ३५ अंश सेल्सियसला, भोवतालची हवाही ३५ अंशांना, आर्द्रता ४० टक्के आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला एक मीटर. ३५ अंशांना संपृक्त बाष्पदाब ५.६२ किलोपास्कल, त्याचे ४० टक्के म्हणजे २.२५. दोन्हींमधला फरक ३.३७ किलोपास्कल. हा आकडा लक्षात ठेवा.

आता जुलैतल्या एका सकाळी कोंदिवड्याहून राजमाचीचा चढ चढायला लागा. धुकं, रिपरिप, तापमान २४ अंश, आर्द्रता ९७ टक्के. बाहेरचा बाष्पदाब: २.९८ चे ९७ टक्के, म्हणजे २.८९ किलोपास्कल. आतली बाजू जरा नीट बघायला हवी. बरेच जण इथे त्वचेचं तापमान घेतात, ३३ अंश, बाष्पदाब ५.०३, आणि “फरक तर दोन किलोपास्कलच्या वर आहे की” असं म्हणतात. पण वाफेला पडदा ओलांडायचाय, आणि पडदा त्वचेवर नसून जाकिटात आहे. त्यावर पाऊस आणि वारा आदळत असल्यामुळे तो जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच गार असतो. त्याची आतली बाजू २६ अंश धरूया. २६ अंशांना हवेत ३.३६ किलोपास्कलपेक्षा जास्त बाष्प मावतच नाही, वरचं सगळं तिथेच पाणी होऊन बसतं. म्हणून पडद्याच्या दोन बाजूंमधला खरा फरक ३.३६ वजा २.८९, म्हणजे ०.४७ किलोपास्कल. प्रयोगशाळेतल्या फरकाचा सातवा हिस्सा!

याचा हिशोब ग्रॅममध्ये करू. चढताना शरीर साधारण ५०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं. एक ग्रॅम घाम वाळायला सुमारे २.४ किलोज्यूल लागतात, म्हणजे सगळी उष्णता घामानेच घालवायची तर तासाला साडेसातशे ग्रॅमच्या आसपास घाम. काही उष्णता थेट हवेत जाते, काही घाम पायांवाटे जातो, तेव्हा जाकिटाच्या वाट्याला ३०० ग्रॅम धरूया. लेबल म्हणतं चोवीस तासांत १०,०००, म्हणजे तासाला सव्वाचारशे. जाकिटाचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर धरलं तर कागदावर काम भागलं. आता सातने भागा. साठ ग्रॅम. उरलेले २४० ग्रॅम, म्हणजे एक मोठा पेलाभर पाणी, दर तासाला जाकिटाच्या आत. वर पोचेपर्यंत अर्धा लिटर झालेलं असेल, आणि तुम्ही खाली उतरल्यावर सगळ्यांना सांगाल की “महागाचं जाकीट होतं, पण गळलं.” ते गळलेलं नसतं. गळती एका जागी असते, खांद्याच्या शिवणीपाशी किंवा चेनपाशी. घामाचं पाणी सगळीकडे असतं, हाताच्या आतल्या बाजूला आणि बॅगेखाली पाठीवर तर सगळ्यात जास्त.

चाणाक्ष वाचक इथे हात वर करतील: वाफेचं वहन दाबाच्या फरकाच्या प्रमाणातच होतं हे कशावरून? बरोबर आहे. काही पडद्यांवर पॉलियुरेथेनचा सलग थर असतो, तो ओलावा शोषून फुगतो आणि दमट हवेत वाफेला वाट जास्त देतो. तेव्हा साठाचे शंभर किंवा सव्वाशे होऊ शकतील. निष्कर्ष तरीही बदलत नाही, आणि ढोबळ गणिताकडून एवढीच अपेक्षा असते: गृहीतक दुपटीने चुकलं तरी उत्तर उभं राहतं का?

अजून एक गोष्ट. नवीन जाकिटावर पाणी मोत्यांसारखं ओघळतं ते पडद्यामुळे नाही, बाहेरच्या कापडावर दिलेल्या लेपामुळे. तो लेप मातीने, घासण्याने, कपड्यांच्या साबणाच्या अंशाने जातो. मग बाहेरचं कापड चिंब भिजतं आणि पडद्यावर पाण्याचा एक सलग थर बसतो. आता बाहेरची बाजू शंभर टक्के संपृक्त. ०.४७ चा जो काही फरक उरला होता तोही जवळपास शून्यावर येतो, आणि तुमचं गोर-टेक्स रस्त्यावरच्या प्लॅस्टिकच्या पंगतीला जाऊन बसतं. जाकीट नीट धुऊन, साबण पूर्ण काढून, लेबलवर परवानगी असेल तर मंद इस्त्री फिरवली की लेप बराचसा परत जागा होतो. हे लेप पूर्वी लांब साखळीच्या फ्लोरिनयुक्त रसायनांचे असत. त्यांपैकी पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात घातलं गेलं, कारण ते निसर्गात विघटित होत नाही आणि शरीरात साठतं. आता फ्लोरिनशिवायचे लेप येताहेत. ते पाणी बऱ्यापैकी झटकतात, तेल मात्र झटकत नाहीत, त्यामुळे लवकर मळतात. यावर संशोधनाला भरपूर जागा आहे, पृष्ठभागरसायनात विषय शोधत असाल तर इकडे बघा.

इरलं

आता एक वेगळाच हिशोब. भातलावणीच्या दिवसांत कोकणात आणि मावळात वाकून काम करणाऱ्या बायका-पुरुषांच्या पाठीवर इरलं असायचं: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, हल्ली प्लॅस्टिक. होडी उलटी करून पाठीवर घ्यावी तसं. खालून, बाजूने सगळं उघडं. यातून किती वाफ जाते?

इथे वाफ पडद्यातून जात नाही, वाऱ्याबरोबर जाते. २६ अंशांच्या संपृक्त हवेत घनमीटरला २४.४ ग्रॅम बाष्प असतं, बाहेरच्या आपल्या २४ अंशांच्या हवेत २१.१. फरक जेमतेम ३.३ ग्रॅम. पण इरल्याखालून ०.१ चौरस मीटरच्या मोकळ्या जागेतून सेकंदाला अर्धा मीटर एवढी झुळूक गेली तरी तासाला १८० घनमीटर हवा बदलते. गुणाकार करा: जवळपास ६०० ग्रॅम. जाकिटाच्या दहापट! आणि हे जाकिटाला दिलेल्याच परिस्थितीत. ज्यांनी इरलं घडवलं त्यांनी पडदा सुधारण्याच्या भानगडीत न पडता हवा खेळती ठेवली.

छत्रीचंही तेच गणित. मला विचाराल तर जंगलातल्या रुंद वाटेवर, लोणावळ्याकडून उधेवाडीला जाणाऱ्या लांबच्या सपाट रस्त्यासारख्या ठिकाणी, छत्रीइतकं उत्तम साधन नाही. ट्रेकर लोक हसतात, हसू द्या. धारेवर वाऱ्यात छत्री उलटी होते, तिथे सैल पाँचो. जिथे हात लावून चढायचंय तिथे छत्री नको आणि पाय अडकवणारा पाँचोही नको, तिथे जाकीटच, काखेतल्या चेन उघड्या ठेवून. म्हणजे ‘कुठला घेऊ’ याचं उत्तर वाटेवर अवलंबून आहे, ५,००० की १०,००० यावर फारसं नाही. ज्या मुलाने फोटो पाठवले होते त्याला मी स्वस्तातलं, शिवणींना पट्टी असलेलं आणि काखेत चेन असलेलं जाकीट घ्यायला सांगितलं.

ओलं होणं परवडतं, गार पडणं नाही

एव्हाना लक्षात आलं असेल की चढताना कोरडं राहणं सह्याद्रीच्या पावसाळ्यात जवळजवळ अशक्य आहे. मग प्रश्नच बदलायला हवा. चालताना ५०० वॅट तयार होत असतात तोवर ओलं असलं तरी चालतं. धोका थांबल्यावर सुरू होतो. बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट तयार करतं. सुती टीशर्ट आणि बनियन मिळून ३०० ग्रॅम पाणी धरून बसले असतील आणि धारेवरच्या वाऱ्यात त्यातलं निम्मं एका तासात उडालं, तर त्यालाच १०० वॅट लागतात. तुमची सगळी कमाई एका बनियनला! वाऱ्याने आणि पावसाने थेट जाणारी उष्णता वेगळीच. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. २० अंशांचा पाऊस, वारा आणि दमलेला, उपाशी माणूस एवढं पुरतं. सोबतचा कुणी अडखळत बोलायला लागला, त्याला बटण लावता येईना, उगाच चिडचिड करायला लागला, तर “चल रे, थोडंच राहिलंय” म्हणू नका. आडोसा, कोरडे कपडे, गोड आणि गरम काहीतरी, हे आधी.

म्हणून माझ्या मते बॅगेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट रेनकोट नाही. वरून गुंडाळून बंद होणाऱ्या पिशवीत, किंवा दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून ठेवलेला एक कोरडा बिनसुती टीशर्ट आणि एक लोकरी किंवा फ्लीसचा थर. चढताना तो बाहेर काढायचा नाही, कितीही मोह झाला तरी. थांबल्यावरच. लोकर का, तर तिचा तंतू बाहेरून पाणी झटकतो आणि आत स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के बाष्प शोषूनही हाताला ओला लागत नाही. धनगरांची घोंगडी पावसात का टिकली याचं उत्तर यात आहे. वजन सोडलं तर तिला नाव ठेवायला जागा नाही. जीन्स मात्र घरी ठेवा. बूट वॉटरप्रूफ घेऊ नका. ओढ्यात पाणी वरून आत येतं आणि मग बाहेर पडत नाही. जाळीचे, शेवाळावर पकड देणारे बूट बरे.

फील्डवर्कला जाणाऱ्यांसाठी दुसरी कोरडी राहायला हवी अशी गोष्ट म्हणजे नोंदी. फोन, जीपीएस, सेन्सर यांच्यावर आयपी ६७ वगैरे लिहिलेलं असतं, तेही आता तुम्हाला वाचता येईल. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर स्थिर, गोड्या पाण्यात अर्धा तास. त्याचा अर्थ जोराच्या फवाऱ्यातही टिकेल असा होत नाही. फवाऱ्याच्या चाचण्या ५ आणि ६ क्रमांकाच्या, वेगळ्या, आणि ७ मिळालं म्हणून त्या आपोआप मिळत नाहीत. समुद्राचं पाणी, साबण, वर्षभर वापरून सैल झालेलं रबर, यातलं काहीच चाचणीत नसतं. शिवाय ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. तेव्हा वही आणि शिसपेन्सिल. जेल पेनची शाई पाण्यात विरघळते, बॉलपेन दमट कागदावर घसरतं, ग्रॅफाइट मात्र तिथल्या तिथे राहतं. दर दोन तासांनी पानांचा फोटो काढून ठेवा, आणि फोन झिपच्या पिशवीत.

आणि एक गोष्ट जिच्यासाठी कुठलंही सामान नाही: ओढा. सेकंदाला दोन मीटर वेगाने, गुडघाभर पाणी दोन पायांवर साधारण २५० न्यूटन जोर देतं, म्हणजे २५ किलोचा माणूस आडवा ढकलतोय असं समजा. वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट. घाटमाथ्यावर पाऊस कसा पडतो हे महाबळेश्वरच्या आकड्यावरून कळतं, वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हवामान खातं चोवीस तासांत ६४.५ मिमीच्या वर गेलं की ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’ म्हणतं. सकाळी पायाच्या घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी परतताना मांडीएवढा होतो, तुमच्या डोक्यावर थेंबही न पडता, कारण पाऊस वर कुठेतरी झालेला असतो. निघण्याआधी इशारा बघा, जिल्हा प्रशासनाने किल्ला किंवा धबधबा बंद केलाय का ते बघा. वाटेत ओढा वाढलेला दिसला तर थांबा. पाऊस ओसरला की छोटे ओढे काही तासांत उतरतात. गावात मुक्काम पडला तर घरी फोन करायचा, बस.

शेवटी, माझे आकडे तसेच्या तसे मान्य करू नका. घरी प्रयोग करा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घ्या. कोरडा टीशर्ट आणि कोरडं जाकीट वेगवेगळं तोला. दोन्ही घालून अर्धा तास इमारतीचे जिने चढ-उतार करा, पाऊस नसताना. लगेच दोन्ही परत तोला. जी वाढ दिसेल ते बाहेर न पडलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेवढेच जिने, जाकिटावर आधी स्प्रेच्या बाटलीने पाणी मारून (मारलेलं पाणी आधी तोलून घ्या, आणि नंतर बाहेरून टिपून काढा). तिसऱ्या दिवशी काखेतल्या चेन उघड्या. चौथ्या दिवशी नुसता टीशर्ट, तुलनेसाठी. प्रत्येक वेळी खोलीचं तापमान आणि आर्द्रता लिहा. एकदाच करून थांबू नका, निदान तीन-तीनदा करा, आणि तुमचे साठ ग्रॅम आले की दोनशे ते खाली कळवा. जिने किती होते तेही लिहा, नाहीतर मला तुलना करता येणार नाही.